चेनलॉकची डबी

मोटारसायकलवर कोणती हत्यारं न्यावीत, असं मला कुणी विचारलं तर मी अर्धा तास सहज बोलतो. ऑफिसात कुणी नवी गाडी घेतली की तो माझ्याकडे येतो, कारण या बाबतीत माझं नाव आहे. प्लगचा पाना, एक जादा प्लग, तो घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, पक्कड, पेचकस, दोन-तीन मापांचे पाने, क्लचची तार, पंक्चरचं सामान. शेवटी चेनची दोन टोकं जोडणारं लॉक. तिथं आलो की मी गप्प होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यादी संपली.

ही यादी माझी नाही, वडिलांची आहे. ती माझी म्हणून खपवतो, हा माझा सगळ्यात लहान गुन्हा.

वडील एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. तिथं हत्यार हवं असलं की स्टोअरच्या खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा. तो हत्याराच्या जागी खिळ्याला लटके. संध्याकाळी हत्यार परत दिलं की बिल्ला परत. ज्याचा बिल्ला खिळ्यावर राहिला, त्याला गेटवर थांबवत. वडिलांचा बिल्ला तीस वर्षांत एकदाही मागं राहिला नाही. याची त्यांना फार घमेंड होती. बाकी कशाची त्यांनी कधी केली नाही, करण्यासारखं काही नव्हतंही.

ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी माझी मोटारसायकल आली. नंबर लावून ती यायला इतकी वर्षं गेली होती की नागपूरच्या सक्करदऱ्यातले आमचे शेजारीसुद्धा बघायला आले. वडिलांना चालवता येत नव्हती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चेनच्या झाकणावर बोटानं टकटक केलं आणि मी जमवलेली हत्यारं बघायला मागितली. मी एक हातोडीही घेतली होती.

"हे काहून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असू द्यावी.

ती त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाले, "जे बिघडल्यावर गाडी जागची हलत नाही, आन् जे खेड्यात मिळत नाही, तेवढंच घ्या लागते. बाकी सारं ओझं."

या हिशेबानं त्यांनी दोन दिवस निवड केली. आईनं त्यांच्या जुन्या खाकी पँटचं कापड घेऊन कप्प्यांची गुंडाळी शिवली. प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाचा कप्पा, म्हणजे एखादं नसलं तर कप्पा पडलेल्या दातासारखा लगेच दिसे. बारीकसारीक वस्तूंसाठी पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी. तिच्यात दोन चेनलॉक, चेनची एक जादा कडी, चार नट, व्हॉल्व्हच्या पिना. गाडी सुरू झाली की ही डबी खुळखुळ वाजे. मी म्हटलं, आत चिंधी टाकू. ते नाही म्हणाले. वाजते तोवर ती आहे, हे आपल्याला न पाहता समजतं, असं त्यांचं म्हणणं.

दर रविवारी सकाळी ते गुंडाळी उतरवत. ओसरीच्या खिडकीपाशी पोतं अंथरून प्रत्येक हत्यार घासलेटानं पुसत आणि परत आपल्या कप्प्यात घालत. घासलेटाची बाटली त्याच खिडकीत असे. डबीतल्या वस्तू ते मोजत. मोजताना ओठ हलत.

ऑफिसात मात्र त्या डबीनं माझी लाज घालवली. मी फाटकातून आत शिरलो की पहिल्या माळ्यावरून कुणीतरी ओरडे, "आली बंडी." एकानं विचारलं होतं, बंडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटी पोळ्याची आहे की बारमाही? सगळे हसले, मीही हसलो. एकदा साहेब मागं बसले होते. उतरल्यावर म्हणाले की तुमच्या गाडीत काहीतरी सैल झालंय, दाखवून घ्या. माझे वडील फिटर होते हे मी तोवर ऑफिसात सांगितलं नव्हतं. कारखान्यात होते, एवढंच म्हणायचो. ऐकणारा त्यावरून जे समजेल ते समजू द्यायचो.

मग मी एक सोय केली. सोमवारी ऑफिसात पोचलो की डबी काढून टेबलाच्या खालच्या खणात टाकायची. शनिवारी दुपारी सुटताना परत गुंडाळीत. रविवारी वडील ती काढत, पुसत, मोजत, ठेवत. असं वर्षभर चाललं. त्यांना कळलं नाही.

त्या डिसेंबरात एका बुधवारी सकाळच्या एसटीनं गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला. आमचं मूळ गाव नरखेडच्या पुढं तीन मैल. तिथं वडिलांचे मोठे भाऊ, माझे मोठे बाबा, संत्र्याची बाग करत. ते आता उठत नव्हते. बोलणं शाबूत होतं आणि धाकट्याला बोलवा, एवढंच सारखं म्हणत होते. दोघे भाऊ अकरा वर्षं बोलले नव्हते. वडिलांनी सुट्ट्या घालवून बागेच्या विहिरीवर आपल्या हातानं पंपाचं इंजिन बसवलं होतं. मोठ्या बाबांनी ते न विचारता विकलं. एवढंच भांडण. पण वडिलांनी चारचौघांत त्यांना काय काय म्हटलं होतं, ते मी ऐकलेलं आहे.

निरोप ऐकून वडील उठले. धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे राहिले. मला विचारलं, "गुंडाळी हाय ना?"

मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

काटोल रोडला लागायच्या आधी माझं ऑफिस येतं. फाटक रस्त्यावरच. आत जाऊन खण उघडून यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. पण वडिलांनी विचारलं असतं, ऑफिसात कशाला. फाटक जवळ आलं आणि नेमकं त्याच वेळी मागून ते म्हणाले, "डबी वाजून नाही राहिली."

"गाडीच्या आवाजात कुठं ऐकू येते, बाबा."

कारखान्यानं त्यांचे कान अर्धे नेले होते. त्यांनी ते मानलं. मी वेग वाढवला आणि फाटक मागं गेलं.

कळमेश्वर सोडून बरंच पुढं गेलो होतो. साडेदहा वाजले असतील. एकदम गाडीचा दम गेला. इंजिन रेसमध्ये ओरडतंय आणि चाक फिरत नाही. उतरून पाहिलं, झाकणाच्या आत चेन सुटून गोळा झाली होती. लॉक कुठंतरी पडलं होतं. वडिलांना काहीच वाटलं नाही. उलट मला ते खूश झाल्यासारखे वाटले. त्यांनी रस्त्याच्या कडेला गुंडाळी पसरली, पक्कड काढली आणि डबीच्या कप्प्यात हात घातला.

मग दोन बोटं घातली. मग गुंडाळी उलटी करून झटकली.

"डबी?"

मी म्हणालो, "त्यातच असंन."

"नाही."

आता इथं मला खरं सांगता आलं असतं. त्यांनी रस्त्यावर चार शिव्या घातल्या असत्या. मी तीस वर्षांचा होतो, मला एक मुलगी होती. चार शिव्यांनी माझं काय बिघडणार होतं?

"रविवारी तुम्ही पुसाले काढली होती," मी म्हणालो. "खिडकीत राहून गेली असंन."

"मी ठेवली होती."

"ठेवली असती तं असती ना, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यावर त्यांचा संशय नव्हता. ते रविवार आठवत होते. डोळ्यांपुढं पोतं, बाटली, डबी आणून पाहत होते, आणि ओठ हलत होते. मला ते सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा ढिला पडला.

"हो," ते म्हणाले. "राहून गेली असंन."

यानंतर जे झालं ते या एका वाक्यामुळं झालं. एरवी ते म्हणाले असते, गाडी घाल खड्ड्यात आणि एसटीला हात दाखव. पण आता चूक त्यांची होती, आणि आपली चूक ते दुसऱ्याच्या माथी टाकून जाणारे नव्हते. आधी त्यांनी बागेच्या कुंपणाची तार तोडून चेन बांधली. दोनशे पावलांत ती तुटली. पुन्हा बांधली, पुन्हा तुटली. मग म्हणाले, लॉक मागं रस्त्यातच पडलं असणार, शोधतो. तू गाडीपाशी थांब.

मी म्हटलं, मी जातो. ते म्हणाले, "माही चूक हाय. मीच पाह्यतो."

वाकून, हात मागं बांधून, रस्त्याची एकेक वीत पाहत ते मागं चालत गेले. संत्र्यानं भरलेले ट्रक नागपूरकडे जात होते. ते आले की वडील कडेला होत, धूळ बसली की पुन्हा मधोमध येऊन वाकत. साडेअकराच्या सुमाराला काटोलकडे जाणारी एसटी आली. मी हात दाखवला, ती थांबलीसुद्धा. वडील दोन-तीन फर्लांग मागं होते, पाठमोरे, वाकलेले. मी हाका मारल्या. अर्ध्या कानांना त्या पोचल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, "याचं असंन तं या गा, नाही तं आमी चाललो." मी म्हातारं माणूस मागं आहे म्हणालो. त्यानं मागं पाहिलं, घंटी मारली.

लॉक मिळालं नाही. पुढच्या एसटीला दोन वाजले. गाडी एका बागेच्या झोपडीत टाकून आम्ही काटोल, तिथून नरखेड, आणि पुढचे तीन मैल पायी केले. गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात माणसं बसलेली पाहूनच आम्हाला कळलं. मोठे बाबा तीनच्या सुमाराला गेले. मोठी आई म्हणाली की दुपारपर्यंत दाराकडं तोंड करून होते, धाकटा आला का, धाकटा आला का, विचारून राहिले होते.

वडील रडले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तीन दिवस एकच गोष्ट सांगितली: गाडीची चेन तुटली, आणि डबी मीच घरी विसरलो. मी शेजारी बसून ते ऐकत होतो. कुणी म्हणे, वय झालं आता, होते असं. वडील मान हलवत.

आतापर्यंतचं कुणी वाचून म्हणेल, भित्रा माणूस होता, वेळेवर तोंड उघडलं नाही. तेवढंच असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. नागपूरला परत आल्यावर पहिल्या दिवशी ऑफिसातून येताना मी खणातली डबी खिशात घातली, आणि वडील मागच्या अंगणात असताना ती ओसरीच्या खिडकीत, घासलेटाच्या बाटलीच्या मागं ठेवून दिली. ती त्यांना दिसावी म्हणून. ते शोधणार हे मला माहीत होतं. त्यांना ती सापडली. बराच वेळ हातात धरून बसले, मग मला हाक मारून दाखवली. मी म्हणालो, जाऊ द्या.

त्या रात्री जेवण वाढताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते खिडकी मी रोज पुसतो." आमच्याकडच्या बायका 'पुसते' नाही, 'पुसतो' असंच बोलतात. पुढं ती काही बोलली नाही, ना मला, ना त्यांना. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मरेपर्यंत तिनं माझं ताट पहिल्यासारखंच वाढलं, आणि मी जेवलो.

रविवारी पोतं अंथरणं बंद झालं. मी गुंडाळी पुढं नेऊन ठेवली तर म्हणाले, तूच पाहा आता, माझा भरवसा नाही. शेजाऱ्यांचे स्टोव्ह, शिलाई मशिनी दुरुस्तीला येत, त्यांना ते नाही म्हणू लागले. एखादा स्क्रू राहून जाईल, म्हणत. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघत. नळ बंद केला का, कंदील विझवला का, औषध घेतलं का, सगळं आईला विचारत. ती गेल्यावर मला विचारू लागले.

सात वर्षांनी मी सांगितलं. दुपारची वेळ होती, ते ओसरीत बसले होते. मी सगळं सांगितलं: ऑफिस, घंटी, खण, शनिवार-सोमवार, फाटकापुढून मारलेला वेग, खिडकीत मीच नेऊन ठेवलेली डबी. काही गाळलं नाही. मनात वाटत होतं, आता तरी ते चिडतील. हात उचलतील. मला ते हवं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला ना?"

"नाही, बाबा. खरंच."

"डबी खिडकीत सापडली होती, बापू. बाटलीच्या मांगं. मीच पाह्यली ना." ते थोडं हसले. "ऱ्हाऊ दे. झाली चूक माह्या हातून. तू काहून आपल्यावर घेतं?"

खिडकी पुसणारी आता नव्हती. माझ्याजवळ दुसरा पुरावा नव्हता, आणि असलेला मीच तयार केलेला होता. मी आणखी एकदा सांगून पाहिलं. ते समजूत काढल्यासारखं हूं हूं करत राहिले. मग त्यांचा चेहरा एकाएकी काळजीचा झाला.

"मांगच्या दाराले कडी लावली का मी?"

मी उठून बघून आलो. कडी लावलेली होती. नेहमी लावलेलीच असायची.