नमुने दुरुस्त करणारी सून

गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ती बाई तशी थंड डोक्याची. पण त्या सकाळी ऑफिसात पाऊल टाकते न टाकते तोच स्टोअरकीपरचा फोन खणखणला.

"मॅडम, तुमचा तो काळा पडदा परत मेला! मी काही केलं नाही हां, नुसतं एंटर दाबलं!"

काळा पडदा म्हणजे एक साधासुधा प्रोग्रॅम. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. वस्तूचं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, की किती माल शिल्लक आहे ते समोर. मात्र काहीच न लिहिता एंटर दाबलं की गडी कोलमडायचा. लिहिला होता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं. तिनं जाब विचारला तर तो खांदे उडवून म्हणाला, "मी कुठे लिहिलाय? लायब्ररीच्या नमुन्यातून जसाच्या तसा उचललाय."

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. टाइप करताना बाणाच्या कळीनं मागं जाणं, चुकलेलं अक्षर खोडणं, मघाची ओळ परत आणणं, ही उठाठेव प्रत्येकानं नव्यानं करू नये म्हणून कुणा भल्या माणसानं एकदाच लिहून जगाला फुकट वाटलेला कोड. तो कसा वापरायचा हे दाखवायला सोबत चारदोन छोटे प्रोग्रॅम, म्हणजेच नमुने. तिनं नमुना उघडला. रिकामी ओळ आली तर काय करायचं, याचा त्यात विचारच नव्हता. प्रोग्रॅम ओळीतला पहिला शब्द उचलायला जायचा, शब्द नसायचाच, की धाडकन आडवा.

तिनं लायब्ररीच्या कर्त्याला लिहिलं. तो कुठल्याशा दूरच्या गावी राहणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. उत्तर आलं, "लायब्ररी ठणठणीत आहे. नमुन्यांकडे कोण बघतं? वाटलं तर तूच दुरुस्त कर."

"कोण बघतं म्हणे!" घरी भाजी चिरताना तिचा पारा चढला. "सगळे तेच तर बघतात. बघतात, उचलतात आणि चिकटवतात!"

"नमुने सुधारायचे तर एवढं लांब कशाला?" नवरा म्हणाला. "घरात काय कमी आहेत?"

हे बोलताना त्यानं बैठकीच्या खोलीकडे डोळा मारला. तिथं सासरे टीव्हीच्या रिमोटशी झुंजत होते. उभा जन्म त्यांनी क्रेन चालवली. बोटांना लोखंडी दांड्यांची सवय. कळ दाबायची म्हणजे ढकलायची, आणि ढकलून धरून ठेवायची. निवृत्त झाल्यापासून घरातली दोन घड्याळं आणि एक मिक्सर त्यांच्या हातून निजधामाला गेले होते.

रिकाम्या ओळीची दुरुस्ती तिनं बसल्या बैठकीत केली, गोदामाच्या प्रोग्रॅमात आणि नमुन्यातही. कर्त्यानं ती "छान" एवढं म्हणून घेतली. त्या एका शब्दानं तिला चटक लागली. सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती एकेक नमुना तपासू लागली.

अशाच एका सकाळी ती चहा गाळायला उठली आणि मागं वळून बघते तर सासरे खुर्चीत.

"बाबा, हात नका लावू!"

"लावला कुठे? एकच कळ दाबली."

एकच, पण धरून ठेवली होती. पडद्यावर 'क'ची रांग लागली होती. कडेला पोचून खालच्या ओळीवर जाण्याऐवजी ती स्वतःच्याच अंगावर चढत होती. सुरुवातीचे 'नाव सांगा' हे हिरवे शब्दसुद्धा तिनं गिळून टाकले होते.

ती चहाचं गाळणं हातात धरूनच पडद्यावर वाकली. मग म्हणाली, "बाबा, परत दाबा बरं."

"रागावलीस का?"

"नाही हो. दाबा. धरून ठेवा."

सासऱ्यांनी आधी तिच्याकडे संशयानं पाहिलं, मग बाह्या सरसावल्या. त्यांना असं सांगणारं या घरात आजवर कुणी भेटलं नव्हतं.

घोळ रंगाचा निघाला. हिरवा रंग सुरू कर, बंद कर, अशा न दिसणाऱ्या सूचनाही प्रोग्रॅम अक्षरांतच मोजत होता. म्हणून कड यायच्या आधीच त्याला वाटे, आली कड, आणि तो त्याच ओळीच्या सुरुवातीला परतून लिहू लागे. तिनं ते निस्तरलं. मग सासऱ्यांना रोजचीच नोकरी लागली. टाइप करता करता ते खिडकी अरुंद करत, मागची ओळ नसताना वरचा बाण हाणत, टॅबची कळ दाराच्या बेलसारखी वाजवत. ते मोडायचे, ती जोडायची.

चाचणी सासरे घेतात असं कळवून तिनं सगळ्या दुरुस्त्या एकदम पाठवल्या, आणि कर्त्यानं परत धाडल्या. "सगळं बरोबर आहे. पण मूठभर नमुन्याचं तू गाठोडं केलंस. नवशिका बघूनच पळेल."

तिला लागलं. दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली. "एवढं केलं, वर बोलणी!" ती नवऱ्यावर डाफरली. राग निवळल्यावर तिनं स्वतःचाच कोड पुन्हा वाचला. खरंच गाठोडं होतं. आणि त्यातला अर्धा भाग नमुन्याचा नव्हताच! रंगाच्या सूचना वगळायच्या हे प्रत्येक नवशिक्यानं का सांभाळायचं? ते लायब्ररीनं करायला हवं.

तिनं लिहिलं, "मग तुमची लायब्ररी ठणठणीत नाही." पाठवल्यावर जीभ चावली. फार तोडून बोलले की काय!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. करू या?"

दोघांनी मिळून ते लायब्ररीतच बसवलं. नमुना पुन्हा मूठभर झाला, आधीपेक्षाही आटोपशीर. नमुन्यांचा अख्खा विभाग कर्त्यानं तिच्या हवाली केला आणि नव्या आवृत्तीसोबत आभार मानायचे म्हणून चाचणी घेणाऱ्याचं नाव विचारलं.

सासऱ्यांनी बराच विचार केला. "नावबिव नको. 'निवृत्त क्रेनचालक' लिहायला सांग."

तसंच छापून आलं. त्यांनी ते चष्मा पुसून वाचलं, विहीणबाईंना फोन करून वाचून दाखवलं, मग खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"सूनबाई, हे झालं. आता काय मोडायचं?"