रेषेचा चढ, सासऱ्यांच्या पद्धतीने
माझे सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेत रुळांची देखभाल बघत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही तेलीबांधा तलावावर फिरायला गेले की फरशी कुठे खचलीय ते घरी येऊन सांगतातच. तेव्हा अकरावीतली माझी मुलगी ‘रेषेचा चढ’ या धड्यावर अडलीय हे ऐकून त्यांना झालेला आनंद काही लपला नाही.

पोरीची मात्र झोप उडाली होती. एका चाचणीत ती आधीच नापास झाली होती. पुन्हा झाली तर गणित सोडून कॉमर्स घ्या, असं शाळेने कळवलं होतं, आणि तिला तर गणितच हवं होतं. मी कोचिंगचा विषय काढला.

“मी घरी असून कोचिंग कायले?” बाबा म्हणाले. “पस्तीस वर्षं चढच तर मोजले म्या.”

शिकवलं छान. दोनशे मीटर पुढे जाताना रूळ एक मीटर वर गेला, तर चढ दोनशेला एक. पोरीला लगेच समजलं. मग त्यांनी पदरची भर घातली. जाणाऱ्या गाडीला जो चढ, तोच परतणाऱ्या गाडीला उतार. म्हणून उजवीकडून डावीकडे आलो की चिन्ह बदलायचं. पोळ्या लाटता लाटता मीही मान डोलावली. गणितात मला कोणीही काहीही पटवू शकतं.

पोरगी पुन्हा नापास झाली. “मास्तरले रुळातलं काय समजते,” म्हणत बाबांनी चष्मा लावून तिचा पेपर उघडला आणि पहिल्याच गणितावर बोट ठेवलं. (६,४) पासून (२,२) पर्यंतच्या रेषेचा चढ विचारला होता. पोरीने आधी लिहिलं होतं, उणे दोन भागिले उणे चार, म्हणजे अर्धा. अगदी बरोबर. उलट दिशेने मोजलं तरी वरची आणि खालची, दोन्ही चिन्हं बदलतात आणि चढ तोच राहतो. पण ते खोडून तिने शेजारी ‘उणे अर्धा’ केलं होतं. सगळ्या गणितांत तेच, आणि त्यावर बेतलेली समीकरणंही चुकलेली.

“काहून खोडलं, बेटा?”

“आपने ही तो बोला था, लौटती गाड़ी को उतार लगता है,” हिंदी शाळेतली पोरगी म्हणाली.

तोवर मला हसू येत होतं. बाबांचा चेहरा पाहिला आणि ते मावळलं.

मी शाळेत जाऊन हातापाया पडले, तेव्हा शेवटची एक चाचणी मिळाली. त्या सकाळी पोरगी चपला घालत होती. बाबा दारापर्यंत आले.

“आज माह्यं नको आयकू. तुले जे येते, थेच लिही.”

माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. माझं ऐकू नका, असं त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.