कारभारणीनं नावं ठेवलेली सायकल

कारभारणीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही सोलापूरला गेलो आणि सायकलींना नावं ठेवून परत आलो. नावं ठेवली तिनं. मी नुसता उभा होतो. तिच्याबरोबर खरेदीला गेलं की माझं काम तेवढंच असायचं.

आमची मनीषा पुण्याला नोकरीला आहे. तिला लांब लांब सायकल चालवायचा नाद. ती आणि तिचे सोबती पहाटे निघतात आणि दिवसभरात दोनशे किलोमीटर करून येतात. मला म्हणाली, "अप्पा, यंदा थंडीत आपण दोघं एकदा जाऊ. सायकल मी घेऊन देते." मी अडतीस वर्षं लोहाऱ्याहून टपालाची थैली सायकलीवर घालून गावोगाव पोचवलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पत्ते वाचण्यापुरती. पण पाय शिकलेले आहेत. मला हुरूप आला. जुनी काळी सायकल गोठ्यात गंजून गेली होती, म्हणून नवी बघायला आम्ही दोघं एसटीनं सोलापूरला गेलो.

दुकानदारानं दोन सायकली काढून पुढं ठेवल्या. "ही पळायची," तो म्हणाला. "हँडल खाली, वाकून बसायचं, वारा कापत जाते. आणि ही टिकायची. हँडल वर, टायर जरा रुंद, खड्ड्याचा दणका कमी लागतो. दिवसभर चालवली तरी कंबर धरत नाही. वेग थोडा कमी, एवढंच." खरं सांगायचं तर माझ्या मनात पळायची भरली होती. पोरीच्या मागं पडायचं नव्हतं मला. मी ती घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दावं सुटलेलं वासरू, दुसरं काही नाही. परत आलो तर कारभारीण त्या दुसऱ्या सायकलीपाशी उभी होती आणि दुकानदार तिला काहीतरी समजावत होता. मला बघितल्याबरोबर माझ्या हातातल्या सायकलीकडं बोट करून मोठ्यानं म्हणाली, "ही बारकी लई झ्याक हाय बघा. ती दुसरी नगं. म्हशीवानी दिसतीया, रवंथ करत उभारल्यावानी."

मनीषा फोनवर ऐकत होती. फोन मी दुकानदाराच्या टेबलावर ठेवला होता. ती तिकडून ओरडली, "आई, अगं त्यांच्या कंबरेचं तरी बघ!"

"त्यांच्या कंबरेला काय झालंय? कंबर माझी दुखती."

दुकानदार हसला. विचार करून सांगतो म्हणून आम्ही निघालो. एसटीत बसल्यावर मी तिला विचारलं, "आता खरं सांग, कंची घ्यावी?" ती केळं सोलत होती. म्हणाली, "चालवनार तुमी. मला काय इचारता?" आणि अर्धं केळं मोडून माझ्या हातात दिलं. चौथ्या दिवशी दुपारी, शेंगा फोडता फोडता, बसल्या जागी गेली. पुढ्यात शेंगा तशाच.

तुम्ही म्हणाल, मग यात अडचण कसली? बाई बारकी चांगली म्हणाली, बारकी घ्यायची. पण तुम्ही तिला बाजारात बघितलेलं नाही.

तिची रीत अशी होती, की जी वस्तू घ्यायची तिला नावं ठेवायची आणि जी नको ती वाखाणायची. लोहाऱ्याच्या बाजारात वांगी घ्यायची झाली, की चांगल्या वांग्यांपुढं बसून म्हणायची, "ही काय वांगी म्हनायची का? नुसती कातडी." आणि शेजारच्या टोपलीकडं बघून, "ती बघा, कशी लोण्यावानी हायेत." ती लोण्यावानी वांगी किडकी असायची, हे तिला आणि विकणारीला दोघींनाही माहीत. तरी पहिली विकणारी घाबरायची आणि भाव पाडायची. मी एकदा मधी बोललो, "अगं, हीच तर ताजी दिसत्यात." तर चिमटा असा काढला की दोन दिवस दंड काळा-निळा. त्या दिवसापासून मी बाजारात तोंड उघडलं नाही.

ही रीत तिच्या अंगावरही यायची. एकदा काळी छत्री घ्यायची म्हणून तिनं लाल छत्री एवढी वाखाणली, एवढी वाखाणली, की दुकानदारानं ती बांधूनच दिली. आता परत कसं म्हणायचं? लाल छत्री घरी आली. ती तिनं अकरा पावसाळे वापरली. काडी मोडली तर तारेनं बांधली, पण दुसरी आणू दिली नाही. म्हणून मला कधी कधी वाटतं, तिला मुळात लालच पाहिजे होती का काय? विचारलं असतं तर सांगितलं नसतं.

मनीषाला बघायला पाव्हणे आले तेव्हा पोरगा गेल्यावर नावं ठेवावीत का नाही? ही त्यांच्या समोर म्हणाली, "कान लई मोठं हायेत पोराचं." पोराचा बाप उठून उभा राहिला. मी हातापाया पडून त्यांना बसवलं. आत जाऊन तिच्यावर ओरडलो, तर म्हणाली, "वरडू नगा. पोरगा सोन्यावानी हाय. तारीख काढा." मोठ्या कानांचा जावई परवा तिच्या मातीला आला, आणि माझ्यापेक्षा जास्त रडला.

मलाही तिनं सोडलेलं नव्हतं. लग्नाआधी मी तिला बघायला तिच्या माहेरी गेलो होतो. त्यांचं गाव तिकडं कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आम्ही निघाल्यावर सासऱ्यानं तिला विचारलं, की पोरगा कसा वाटला. ती म्हणाली, "उंटावानी हाय. मान केवढी!" सासऱ्यानं हे मला लग्नाच्या पंगतीत सांगितलं आणि पोट धरून हसला. मला लई राग आला होता. पुढं सेहेचाळीस वर्षं तिनं माझ्या मानेला, माझ्या घोरण्याला, माझ्या जेवण्याला, माझ्या अक्षराला नावं ठेवली. अक्षर तर तिला वाचताही येत नव्हतं. आणि शेजारचा धोंडिबा मात्र गुणाचा. धोंडिबा असा, धोंडिबा तसा. मी म्हणायचो, "मग जा की धोंडिबाकडं." ती म्हणायची, "त्याच्याकडं सायकल कुठंय?"

सायकलीवरून ती कधी बोलली नाही असं नाही. बाजाराच्या दिवशी ती माझ्या मागं कॅरेजवर बसायची, पोत्याची घडी टाकून. मी जोरात मारली की पाठीत बुक्की घालायची आणि म्हणायची, "साकु, साकु!" तिच्या माहेरच्या बोलीत म्हणजे पुरे. गाव सोडलं की पाझर तलावाचा चढ लागतो. तिथं ती चालत्या सायकलीवरून खाली उडी मारायची, म्हणजे मला ओझं नको. मी वर जायचो. वर जाऊन थांबावं एवढं कधी सुचलं नाही मला. थैली पोचवायची सवय, पाय टेकवायचा नाही हे अंगात भिनलेलं. मी नुसती हळू करायचो आणि ती पळत येऊन कॅरेजवर बसायची. एकदा पाय हुकून पडली, गुडघा सोलला. तशीच येऊन बसली आणि म्हणाली, "टपालाचा घोडा निसता. मागं मानूस हाय का मेलं, बघत न्हाय." मी पुढं बघूनच हसलो.

तर आता हे कोडं. तिनं दुकानात बारकी वाखाणली आणि जाडीला म्हैस म्हणाली. म्हणजे रीतीप्रमाणं तिला जाडीच घ्यायची होती. पण त्या दुकानात भाव होत नाही. दारातच पाटी आहे, "एकच भाव". जिथं भावच होत नाही तिथं नावं कशाला ठेवील? मग खरंच बारकी आवडली असेल. पण ती पाटी मी वाचली. तिला वाचता येत नव्हतं, आणि मी तिला सांगितलंही नव्हतं. सांगितलं नव्हतं ना? दहा वेळा आठवून बघितलं. पायऱ्या चढताना मी काहीतरी बोललो होतो एवढं आठवतं. काय बोललो ते आठवत नाही. चप्पल काढ म्हणालो असेन.

दिवसकार्य झाल्यावर मनीषा माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "अप्पा, आता मी कंबरेचं काही बोलणार नाही. आई बारकी घ्या म्हणाली ना, तीच घेऊ. तिचा शेवटचा शब्द आहे."

माझ्याही मनात बारकीच होती. पोरगी तीच म्हणते, मेलेल्या माणसाचा शब्दही तोच. मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं की दंडाला चिमटा बसल्यासारखं व्हायचं. पोरीला तिच्या आईची रीत माहीत नाही असं नाही, पण त्या वेळी तिच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. लबाडीच म्हणा. आठ दिवस मी तसाच राहिलो. शेवटी एकटाच एसटीत बसलो आणि सोलापूरला गेलो.

दुकानदारानं ओळखलं. "आजी नाही आल्या?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी त्याला सरळ विचारलं, "मी सायकल घेऊन टोकापर्यंत गेलो होतो, तवा ती तुमच्याशी काय बोलत होती?"

तो जरा आठवत राहिला. म्हणाला, "या जाड टायरच्या सायकलीला मागं कॅरेज बसतं का, हे विचारत होत्या. मी म्हणालो, बसतं. हिला जागा ठेवलेली असते, त्या बारकीला नसते. त्यांनी सीटच्या मागं हात ठेवून बघितला. मग म्हणाल्या, मी बसले तर? मी म्हणालो, आजी, पिशवीबिशवी बसेल, माणूस नाही बसायचा."

"मग?"

"मग म्हणाल्या, तर काय उपेग. तेवढ्यात तुम्ही आलात."

आणि मी आल्यावर ती म्हणाली, ती दुसरी नगं, म्हशीवानी दिसतीया.

मी खुर्चीतच बसून राहिलो. आता आणखीनच कळेना. ते नावं ठेवणं घ्यायच्या वस्तूचं होतं, का खरोखर रुसून बोलली होती? माणूस बसत नाही म्हणून जाडी तिच्या मनातून उतरली असेल, तर बारकीच घ्यावी. आणि उतरली नसेल तर? वाकून बारकी पळवायची म्हटलं तर मागं बघताही येत नाही. हे मला दुकानात बसल्या बसल्या सुचलं, आणि याचा सायकल निवडण्याशी काही संबंध आहे का, तेही मला सांगता येत नाही. दुकानदार बिचारा गिऱ्हाइकं सोडून माझ्याजवळ उभा राहिला होता.

शेवटी मी जाडीकडं बोट केलं. "ही द्या. आन् मागं कॅरेज बसवा."

"अप्पा, माणूस नाही बसणार त्याच्यावर. सांगितलं ना."

"म्हाईत हाय. बसवा."

त्यानं कॅरेज बसवलं. सायकल टपावर टाकून एसटीनं गावी आणली. मनीषाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई हिलाच नावं ठेवत होती ना?" आणि तिच्या ध्यानात आलं असावं, कारण रडता रडता हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करून प्यालो. तिचा कप चुकून काढला होता, तो धुवून परत ठेवला. सायकल बाहेर काढली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. गावातल्या फरशीवरसुद्धा दणका लागत नव्हता. धोंडिबा ओट्यावर होता. म्हणाला, "अप्पा, म्हशीवानी दिसतीया की सायकल." मला त्याच्याशी भांडावं का त्याला मिठी मारावी, कळेना. काहीच न करता पुढं गेलो.

पाझर तलावाचा चढ आला. मागं कुणी उडी मारली नाही, तरी सायकल हलकी झाल्यासारखी वाटली. न उतरता वर गेलो. वर जाऊन मी ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि उभा राहिलो.

लोहाऱ्याकडून येणारी जीप माझ्यापाशी हळू झाली. "काय अप्पा, पंक्चर का?"

"न्हाय," म्हटलं. "जा तू."

जीप गेली. मी मान वळवून चढाकडं बघत तिथंच थांबलो.