जून शेळीचा फरा

पोरगी ॲनाटॉमीत नापास झाली तेव्हा मी तिला जे बोलले, ते बोलायला नको होतं. जनावरांच्या डॉक्टरकीचं तिचं पहिलं वर्ष. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, बकऱ्याचा पुढचा पाय धडाला कशाने जोडलेला असतो? ही म्हणाली, हाडाने, आपल्यासारखाच. झालं! घरी येऊन रडत बसली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बकऱ्याचा पाय येईना, तू कसली जनावरं बरी करणार? तुझ्याने व्हायचं नाही." माझी जीभ अशीच आहे, आधी ती सुटते आणि मग मी भानावर येते. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. फेरपरीक्षा महिन्यावर होती. तीही गेली तर कॉलेज सोडते म्हणाली, आणि ही बोलते ते करते. त्यात ती माझ्यावरच गेलीय.

माफी मागायचं काही मला जमेना. त्याऐवजी रविवारी मटणाच्या दुकानात गेले. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ते दुकान आहे. तिला अभ्यासाला हाडं हवी होती, म्हणून अख्खा फरा मागितला, म्हणजे खांद्यापासून खुरापर्यंतचा पुढचा पाय, न तोडता. घरी आणून साफ केला, सांध्यातून दोन भाग करून कसाबसा कुकरात बसवला आणि पाच शिट्ट्या काढल्या.

झाकण उघडलं तर हाडांची टोकं टोपणासारखी सुटून आलेली. पोरीने तोंड उघडलं ते ओरडायलाच. "कुकर लावलास? आणि बकरा किती कोवळा आहे हा! एवढ्या लहान वयात टोकं हाडाला पक्की जोडलेलीच नसतात. आता डावं काय नि उजवं काय, काही कळणार नाही!" मी कपाळाला हात लावला. आमच्यात मुलीला स्वयंपाक शिकवतात तेव्हा मटण कोवळं कसं ओळखायचं हे आधी शिकवतात. मीही ते नीट पारखून, मन लावून, सगळ्यात कोवळंच निवडून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परत दुकानात.

"भाई, जून शेळी पाहिजे. एकदम म्हातारी."

त्याची सुरी हातातच थांबली. "भाभी, दुकान बदनाम करायचंय काय? आपल्याकडे कवळाच माल भेटतो."

गिऱ्हाईकं फिदीफिदी हसली. मग मी त्याला सगळं सांगितलं, नापास झाल्याचंसुद्धा. पोरगी लाजेने चपलांकडे बघत उभी. तो म्हणाला, "बेबी डॉक्टर बनणार काय? मग पहिले बोलायचं ना!" दोन दिवसांनी त्याने बदलापूरच्या पुढच्या एका गावातून दूध आटलेली शेळी आणली आणि आम्हाला बोलावून घेतलं.

"बेबी, इकडे बघ." टांगलेल्या शेळीचा पुढचा पाय त्याने बाजूला ओढून धरला आणि काखेतून सुरी फिरवली. फरा अलगद त्याच्या हातात आला. सुरी हाडाला एकदाही लागली नाही. "मागच्या पायाला गोळा काढावा लागतो खोबणीतून. पुढे तसलं काय नाय. फक्त गोश्त."

पोरगी आ वासून बघत राहिली. मग एकदम माझ्या गळ्याखालचं आडवं हाड तिने बोटाने चाचपलं. "आई, हे आपल्याला असतं, बकऱ्याला नसतं. त्याचं धड दोन फऱ्यांच्या मधे नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं. पुस्तकात होतं गं, पाठही केलं होतं. पण दिसलंच नव्हतं." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच भाईला अर्धा किलो खिमा द्यायला सांगितला.

या खेपेला मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर, दिवसभर उकळलं. शेजारीण वाटी घेऊन आली, "पाया केलाय वाटतं?" तिला हाडं दाखवली तशी आल्या पावली परत गेली. पुढे रोज जेवण झालं की पोरगी डोळे मिटून बसायची आणि मी एकेक हाड तिच्या हातात द्यायचे. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मागे, उंचवटा डाव्या अंगाला, म्हणजे डावं. मलाही पाठ झालं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडून नुसते हुंदके. म्हटलं, "जाऊ दे बाळा, घरी ये आधी."

"अगं, सगळं आलं! फरा सुटा होता, तो मी सांगाड्याला नीट लावून दाखवला. सर म्हणाले, जा, पास आहेस."

मी ओट्याला टेकले. "तेव्हा मी बोलले ना तुला... चुकलं माझं."

मग म्हणते, "आवाज कट होतोय आई. परत बोल."

कार्टीला लख्ख ऐकू आलं होतं. मी परत बोलले.