आधी नमुना, मग पाय

गेली कित्येक वर्षं मी जबलपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि प्रत्येक नव्या वर्गाकडून पहिल्याच सहलीत एक नियम घोकून घेते. झऱ्यावर गेलं की आधी तापमान, मग नमुना, तोवर पाण्यात कुणाचा पाय नको. हा नियम मी माझ्या वडिलांनाही लावला. त्याची मला अजून लाज वाटते.

बाबा जबलपुरातल्याच रांझीच्या फॅक्टरीत भट्टीवर होते. लोखंड लाल करायचं आणि बुडवायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले आणि गुडघे गेले. मंडल्याच्या बाजूला गरम पाण्याचं कुंड आहे, तिथं पाय सोडून बसलं की दुखणं पळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं आणि त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. मी ते हसण्यावारी नेत राहिले. पुढे कॉलेजच्या कामासाठी तिथलंच पाणी हवं झालं, तेव्हा कुठे माझी गाडी निघाली. बाबा आपले सोबत आले.

वाटेत रस्त्यासाठी फोडलेल्या एका टेकडीपाशी मी थांबले. काळ्या दगडातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आणि हिरवट माती भरलेली होती. बाबांना म्हटलं, "हा एकेकाळी लाव्हा होता. त्याच्यातून गरम पाणी फिरलं आणि दगड आतून बदलला."

"मग ज्वालामुखी अजून पेटून राहिला का खाली?"

"काहीतरीच, बाबा! तो विझून कोट्यवधी वर्षं झाली. आताचं पाणी नुसतं भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि वर येतं."

"अच्छा. गरम पाणी दगडाला बदलते," ते म्हणाले, "तं माझे गुडघे काय चीज आहेत!"

कुंडावर सकाळी चिटपाखरू नव्हतं. पाण्याला गंधकाचा वास होता. बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पायरीला हात टेकून बसायला लागले आणि मी ओरडले, "थांबा! पाय नका टाकू, नमुना खराब होईल."

"काहून? धुतलेले आहेत ना पाय."

वर्गातल्या मठ्ठ पोराला सांगावं तसं मी त्यांना समजावलं. ते मुकाट्यानं वरच्या पायरीवर जाऊन बसले. पहिल्या बाटलीत बुडबुडा राहिला, म्हणून ती ओतून पुन्हा भरली. मग गाळायचा कागद फाटला. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तेवढ्यात भाविकांची बस आली आणि बघता बघता कुंड भरून गेलं. त्या गर्दीत ओल्या पायऱ्या उतरणं बाबांना जमण्यासारखं नव्हतं. "थांबू या थोडं," असं मी म्हटलंसुद्धा, पण घड्याळ बघत म्हटलं. ते त्यांच्या लक्षात आलं.

"चलो, पुढच्या वेळी," म्हणत त्यांनी पायजमा खाली केला.

दोन महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि आठवड्याभरात ते गेले. पाण्याच्या तपासणीत विशेष काहीच निघालं नाही. झरा वाहता होता. कुंडाच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी पाय बुडवले असते, तर माझ्या नमुन्याचं काही बिघडलं नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नियम म्हणजे नियम, या माझ्या तोऱ्यापुढे मला ते सुचलं नाही.

तेराव्यानंतर शेजारचे काका आले. बाबांच्या बरोबरीनं भट्टीवर राबलेले, गुडघ्यांची तीच गत. चहा संपवून चाचरत म्हणाले, "बेटा, मलाही नेशील का एकदा त्या कुंडावर? तुझे बाबा सगळ्यांना सांगत होते, पोरीनं हात धरून पाण्यात बसवलं म्हणून. खूप आराम पडला म्हणे."

नेईन म्हटलं. बाबांचे पाय त्या दिवशी कोरडेच घरी आले होते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.