मिठाच्या पाण्यातली पाणबुडी

बाबा कलकत्त्याला पहिल्यांदा आले ते भाद्रपदात. ज्या शाळेत मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, त्याच शाळेत ते शिपाई होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बेहाला भागातल्या माझ्या खोलीत ट्रंक टेकवून ते म्हणाले, "हेडमास्तर विचारतात, मुलगा तिकडे करतो काय? मी सांगतो, कलकत्त्याला असतो. त्यापलीकडे मला सांगता येत नाही. एकदा नीट समजावून दे."

मी एका बॅटऱ्यांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होतो. आम्ल, शिसं, विजेचा दाब असं काय काय मी दोन संध्याकाळी सांगत राहिलो. बाबा मान हलवत होते, पण ती शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे हलायची तशी. काही पोचत नव्हतं, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात रोज संध्याकाळी कोणीतरी सभासद व्याख्यान देई. त्या वर्षी एक दिवस माझ्या वाट्याला आला होता, आणि विषय होता पाणबुडी. नुकतीच खिदिरपूरच्या गोदीत एक लहानशी परदेशी पाणबुडी येऊन गेली होती. कारखान्याच्या साहेबांनी आम्हां काही जणांना ती आतून दाखवली होती. आपल्या आरमाराकडे तेव्हा पाणबुडी नव्हती, त्यामुळे सगळ्यांनाच कुतूहल. मी ठरवलं, बोलायचं ते बाबांना समजेल असंच.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. मी सांगितलं, आत माणसांपेक्षा नळच जास्त दिसतात. एक खलाशी पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्याच बिछान्यात झोपतो. डिझेलच्या इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा कुठली? म्हणून वर तरंगत असताना इंजिन चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि खाली त्यांच्या विजेवर, आवाज न करता चालायचं. त्या बॅटऱ्या आतल्या चालायच्या फळ्यांखाली रांगेने उभ्या, एकेक कमरेइतकी उंच. बैलगाडीच्या चालीने गेलं तर दिवसभर पुरतात, जोरात पळालं तर तासाभरात संपतात.

मग प्रयोग. एक बंद बाटली, तिच्यात शिशाच्या गोळ्या. ही माणसांची जागा. तिला बांधलेली दुसरी बाटली, बुडाशी भोक असलेली, तोंडाला रबरी नळी; ही पाण्याची टाकी. चिमटीत धरलेली नळी सोडली की टाकीत पाणी शिरून पाणबुडी खाली जायची, फुंकर मारली की वर. खोलीतल्या बादलीत मी ती तोलून पाहिली होती.

मंडळात पाण्याने भरून ठेवलेल्या घंगाळात पाणबुडी ठेवून मी नळी सोडली. टाकी भरली, पण पाणबुडी बुडेना. बोटाने दाबली तर पुन्हा वर. मागून कोणीतरी म्हणालं, "गणपतीच्या आधी विसर्जन नको म्हणते वाटतं." सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत.

मंडळाच्या चिटणिसांच्या पत्नी, आम्हां सगळ्यांच्या काकू, पुढे आल्या. घंगाळ त्यांच्याच घरचं. "पाणी कमी आहे का रे? मीठ तर मी भरपूर घातलंय."

"मीठ?"

"समुद्रातली बोट ना ती? गोड्या पाण्यात कशी चालेल बिचारी? म्हटलं, तू विसरलास."

मी पाणी चाखलं आणि मलाच हसू फुटलं. गोदीत अधिकाऱ्याने सांगितलेलं आठवलं: समुद्राचं पाणी जड, ते बोटीला जास्त उचलून धरतं, म्हणून हुगळीत शिरल्यावर त्यांना आतल्या टाक्यांतलं पाणी कमी करावं लागलं होतं. मी ते सगळ्यांना सांगितलं. "काकूंनी आपली पाणबुडी नदीतून समुद्रात नेली. आता तिला थोडं वजन हवं."

वजन म्हणून द्यायला जवळ काही नव्हतं. तेव्हा बाबा उठले. शाळेच्या सवयीने ट्रंकेची किल्ली ते करगोट्याला बांधत. ती सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी ती बाटलीला बांधली, नळी सोडली आणि पाणबुडी सावकाश तळाशी गेली. मी नळी बाबांच्या हातात दिली. त्यांनी फुंकर मारली. ती वर आली. पुन्हा एकदा करून पाहू का, असं त्यांनी मलाच विचारलं.

परतीच्या दिवशी हावड्याला मी त्यांना डब्यात बसवलं. समोर नागपूरचे एक गृहस्थ होते. मी सुरईत पाणी भरून आणलं तेव्हा त्यांनी बाबांना नेमका हेडमास्तरांचाच प्रश्न विचारला होता. मी खिडकीशीच थांबलो.

"बॅटऱ्या करतो," बाबा म्हणाले. "पाणबुडीत असतात तशा, पण लहान." मग त्यांनी डब्यातल्या दिव्याकडे बोट केलं. रेल्वेच्या बॅटऱ्या आमच्याकडे होतात, एवढंच मी कधीतरी बोललो होतो. "गाडी उभी आहे, तरी दिवा जळतो ना? धावताना वीज भरून ठेवलेली असते. पाणबुडीचंही तसंच. फक्त समुद्रात गेली की तिला वजन जास्त लागतं."

"किती?" गृहस्थांनी विचारलं.

बाबांनी करगोट्याची किल्ली काढून त्यांना दाखवली.