चाचणीचं वाक्य

ऑफिसातली पोरं त्यांना टपालकाका म्हणत. काम तसंच होतं. प्रोग्रामर ॲपमध्ये नवी वाक्यं घालत. काका ती एकेक उचलून तक्त्यात मांडत, सात भाषांच्या सात भाषांतरकारांना पाठवत आणि आलेली भाषांतरं जागच्या जागी बसवत. सात वेळा पाठवायचं, सात वेळा बसवायचं. म्हणजे एका वाक्याला चौदा वेळा हात. अकरा वर्षांत एकदाही जागा चुकली नाही.

सहा जण मेलवर उरकत. सातव्या भाषेच्या बाईंना मात्र वाक्य पडद्यावर नेमकं कुठे दिसणार हे कळल्याशिवाय लिहवत नसे. म्हणून दर शुक्रवारी बाराला फोन. काकांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना काकांची. दोघं ॲपची मूळ वाक्यं असत त्या तिसऱ्याच भाषेत अडखळत बोलत. काम संपलं की बाई विचारत, "जेवलात का?" बायको गेल्यापासून काकांना हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

एक दिवस मॅनेजर म्हणाला, "काका, ही हमाली आता बंद. कोड ठेवतो ती जागा आणि भाषांतराचं सॉफ्टवेअर जोडून टाकू. वाक्य आपोआप जाईल, भाषांतर आपोआप येईल. जोडणी तुम्हीच करा. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"आणि वाक्य कुठे दिसणार ते?"

"पडद्याचा फोटो जाईल ना सोबत."

"मग फोन?"

"फोन कशाला लागतोय, काका?"

जोडणीला तीन आठवडे लागले. तोवर नवी वाक्यं थांबवली होती. स्वतःच्याच पायावर धोंडा पडतोय हे दिसत होतं, पण कामात कुचराई काकांना जमली नसती. शेवटी चाचणीसाठी एखादं वाक्य हवं होतं. बाकीचे लोक अशा वेळी एक-दोन-तीन लिहून मोकळे होतात. काकांनी लिहिलं, 'जेवलात का?'

संध्याकाळपर्यंत सहा भाषांतरं आली, सगळी आखूड. सातवं चौकटीच्या बाहेर चाललेलं. अक्षरं कळत नसली तरी लांबी काकांच्या नजरेत बसलेली होती. त्यांनी फोन लावला.

"बाई, फार लांब झालंय. मावत नाही."

"ते भाषांतर नाहीच मुळी. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं."

"काय दिलंत?"

"की तीन शुक्रवार फोन नाही. आणि एकटीसाठी ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो."

काका काही बोलणार तोच मॅनेजर मागून ओरडला, "काका, ती चाचणीची ओळ उडवा! सोमवारी ॲप बाहेर जायचंय."

"ठेवतो," काका फोनवर म्हणाले. मग त्यांनी ओळ उडवली. जोडणी चोख होती. मिनिटाभरात सातही जणांच्या पडद्यावरून ती गेली, आणि तिच्याबरोबर बाईंचं उत्तरही.

पुढच्या शुक्रवारी वाक्यं आपोआप गेली. बाराला काकांनी तरीही फोन लावला.

"कुठलं वाक्य अडलं?" बाईंनी विचारलं.

"कुठलंच नाही."

"मग?"

अकरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाहिली, स्वतःचं एक हाताशी नव्हतं. बाईंनीही फोन ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या खोलीतला पंखा करकरत होता. काका तो ऐकत बसले.